निविदेत अपात्र ठरलो, कारण कुणी सांगत नाही: कोणता कागद कधी मागायचा

प्रश्न असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका नोंदणीकृत ठेकेदाराने पुलाच्या कामाची निविदा भरली. अंदाजपत्रकीय रक्कम वीस कोटींच्या घरात. लिफाफा क्रमांक १ मध्येच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या तांत्रिक कागदांतच, ते अपात्र ठरले. पोर्टलवर शेरा एवढाच की अटींची पूर्तता नाही. ऑफिसात विचारलं तर ‘वरून आलंय’. मग त्यांनी माहिती अधिकारात एकच अर्ज टाकला आणि त्यात स्वतःच्या अपात्रतेचं कारण आणि पहिल्या क्रमांकाच्या ठेकेदाराचा सगळा तांत्रिक लिफाफा मागितला. उत्तर आलं: कलम ८(१)(घ), व्यापारी गुपित, शिवाय त्रयस्थ पक्षाची हरकत, सबब माहिती नाकारण्यात येत आहे. कार्यारंभ आदेश अजून निघालेला नाही. आता अपील करावं की हायकोर्टात जावं, असं ते विचारतात.

दोन्ही करा, पण दोन वेगळ्या कागदांसाठी. तुम्ही एका अर्जात दोन वेगळ्या हक्कांची गाठ मारलीत आणि माहिती अधिकाऱ्याला आयतीच पळवाट मिळाली. स्वतःला का डावललं हे कळणं हा तुमचा हक्क आहे, त्यात कुठलाच त्रयस्थ येत नाही. दुसऱ्याने लिफाफ्यात काय घातलं होतं, हा प्रश्न निराळा. त्याला माहिती अधिकार कायद्यातलं त्रयस्थांबद्दलचं कलम ११ लागतं, त्याचा वेळ निराळा आणि त्याची योग्य घटकाही निराळी. पहिली गोष्ट आज मागायची, दुसरी कंत्राट बहाल झाल्यावर. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत घोळ होतो तो बहुतेक इथेच.

पहिल्यापासून सुरू करू. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८ सगळ्यांना पाठ असतं, कलम ४ कुणी उघडत नाही. कलम ४(१)(घ) सांगतं की सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयांची कारणं त्या निर्णयाची झळ बसणाऱ्यांना द्यायची आहेत. त्यासाठी अर्ज करावा लागेल असंही ते म्हणत नाही. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमावली २०१७ मधला नियम १७३ तर स्पष्टच आहे: निविदाकाराने विचारणा केली तर निविदा नाकारल्याची कारणं सांगितलीच पाहिजेत. राज्याच्या खात्याला हा नियम थेट लागू होत नाही, पण केंद्र जे रीतसर मानतं ते राज्याने गुपित का मानावं, हा सवाल कोर्टात करता येतो.

म्हणून सर्वांत आधी, आरटीआयची वाट न बघता, कार्यकारी अभियंत्यांच्या नावे एक पानाचं पत्र द्या. ईमेल करा आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. पत्रात भांडू नका, दुसऱ्या ठेकेदाराचं नावही काढू नका. आम्हाला निविदेच्या कोणत्या अटीखाली, कोणत्या कागदाच्या अभावी अपात्र ठरवलं ते कळवावं, आणि ते कळेपर्यंत व त्यानंतर आम्हाला म्हणणं मांडायला वाजवी वेळ मिळेपर्यंत कार्यारंभ आदेश देऊ नये, इतकंच लिहा. उत्तर न आलं तरी बिघडत नाही. ते न आलेलं उत्तर याचिकेला जोडता येतं. फोनवर मात्र काही मागू नका. मूल्यमापनावर प्रभाव टाकायचा प्रयत्न केल्यास निविदा बाद, अशी अट बहुतेक निविदांत असते आणि फोन केव्हा ‘प्रयत्न’ ठरेल याचा नेम नसतो.

त्याच दिवशी पोर्टलवरचा तांत्रिक मूल्यमापनाचा गोषवारा, सगळी शुद्धिपत्रकं आणि निविदापूर्व बैठकीतल्या शंकांची उत्तरं उतरवून तारखेसह ठेवा. ‘अटींची पूर्तता नाही’ याचं खरं कारण कित्येकदा शेवटच्या शुद्धिपत्रकात बदललेल्या एखाद्या नमुन्यात सापडतं. तसं असेल तर हायकोर्टाचा खर्च वाचला म्हणायचं.

याच्या जोडीला आरटीआयचा अर्ज नव्याने टाका, फक्त तुमच्यापुरता. दोन गोष्टी सांभाळा. माहिती मागायचा हक्क नागरिकाला आहे, फर्मला किंवा कंपनीला नाही. म्हणून अर्ज भागीदाराच्या किंवा संचालकाच्या स्वतःच्या नावाने करा. आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. मजकूर साधारण असा चालतो:

‘निविदा सूचना क्र. — मधील अ.क्र. — च्या कामाबाबत: (१) तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता व निविदा समितीच्या संबंधित बैठकीचे इतिवृत्त यांच्या छायाप्रती. (२) मे. — या फर्मला अपात्र ठरविण्यासंबंधी नस्तीतील टिप्पणी व त्यावरील सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाची छायाप्रत. यातील काही भाग देय नसल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित भाग द्यावा.’

शेवटचं वाक्य विसरू नका. एका परिच्छेदात दुसऱ्याचं काही आहे म्हणून अख्खं इतिवृत्त दडवणं ही जुनी खोड आहे. कलम १० तिच्यासाठीच आहे. आणि ‘का नाकारलं’ असा प्रश्न अर्जात घालू नका. माहिती अधिकारी कारण तयार करून द्यायला बांधील नाही, नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये, असलेला कागद द्यायला बांधील आहे.

त्या टिप्पणीला इतकं महत्त्व कशासाठी? मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगून ठेवलंय की आदेशाची पारख आदेशात लिहिलेल्या कारणांवरून होते. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून तो सावरता येत नाही. निविदेच्या भांडणात हे हत्यार फार कामाचं. इतिवृत्तात ‘अनुभवाचा दाखला विहित नमुन्यात नाही’ एवढंच असतं आणि याचिका दाखल झाली की प्रतिज्ञापत्रात यंत्रसामग्री, उलाढाल, मागच्या कामातली दिरंगाई अशी सगळी वरात निघते. इतिवृत्ताची प्रत आधीच तुमच्या हातात असली की ही वरात दारातच थांबते.

आता दुसऱ्या कागदांकडे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या लिफाफ्याकडे. मूल्यमापन चालू असताना हे कागद मागणं मला स्वतःलाही पटत नाही. उद्या तुमचेही कागद कुणी असेच मागेल. कंत्राट बहाल झाल्यावर मात्र चित्र बदलतं. झारखंड उच्च न्यायालयाने नवीनकुमार सिन्हा प्रकरणात हेच म्हटलंय: सरकारी कामासाठी भरलेले निविदेचे कागद निर्णय झाल्यानंतर व्यापारी गुपिताच्या पडद्याआड ठेवता येत नाहीत. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण माहिती आयोगापुढे तो वजन राखून आहे.

‘त्रयस्थाची हरकत आहे’ हे उत्तर मात्र कायद्यात बसत नाही. कलम ११ प्रमाणे माहिती अधिकाऱ्याने पाच दिवसांत त्रयस्थाला नोटीस द्यायची, त्याला दहा दिवस म्हणणं मांडायला मिळतात आणि चाळीस दिवसांत निर्णय घ्यायचा. निर्णय अधिकाऱ्याचा, त्रयस्थाचा नाही. हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. ‘प्रतिस्पर्ध्याच्या स्पर्धात्मक स्थितीला हानी होईल’ असं लिहायचं तर कोणत्या पानाने, कशी, हे दाखवावं लागतं. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) ने माहिती अधिकाऱ्यावरच टाकली आहे. तुमच्या प्रथम अपिलात एवढे दोनच मुद्दे घ्या. मुदत तीस दिवस, फी वीस रुपये.

गुपित कशाला म्हणायचं याबद्दलही जरा डोकं थंड ठेवा. बी-१ निविदेत, म्हणजे टक्केवारीच्या निविदेत, ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा अमुक टक्के खाली किंवा वर एवढंच भरतो. तो आकडा लिफाफा २ उघडताना सगळ्या जगाला दिसतो. मग गुपित राहिलं काय? बी-२ मध्ये बाबनिहाय दर असतात. एखाद्याने विशेष बांधकाम पद्धत सुचवली असेल, स्वतःचं संकल्पचित्र दिलं असेल, दरांचं पृथक्करण जोडलं असेल, तर ती पानं खरोखरच त्याची आहेत. ती मागू नका. कर्मचाऱ्यांचे पॅन, आधार, बँक खाती तर अजिबात नकोत. कामपूर्तीचे दाखले मात्र दुसऱ्या सरकारी कार्यालयानेच दिलेले असतात. बयाणा रक्कम भरली की नाही, फार खालच्या दरामुळे लागणारी अतिरिक्त सुरक्षा ठेव मुदतीत दिली की नाही, तुलनात्मक तक्ता, समितीची इतिवृत्तं, या गोष्टींत गुपित कसलं? हे सरकारच्या तिजोरीचे कागद आहेत.

आता एक वाट सांगतो जी ठेकेदारांना क्वचितच सुचते. प्रतिस्पर्ध्याचा लिफाफा न उघडता त्यातली खोट शोधता येते. बहुतेक निविदांत निविदाक्षमता, म्हणजे ठेकेदार आणखी किती रकमेचं काम पेलू शकतो ते, काढायचं सूत्र असतं: गेल्या पाच वर्षांतली सर्वोच्च वार्षिक उलाढाल, गुणिले कामाची मुदत वर्षांत, गुणिले दोन, त्यातून हातातल्या कामांची शिल्लक रक्कम वजा. (तुमच्या निविदेत दोनच्या जागी दुसरा आकडा असेल तर तो घ्या.) समजा उलाढाल अठरा कोटी, मुदत दीड वर्ष. अठरा गुणिले दीड गुणिले दोन म्हणजे चोपन्न कोटी. हातात तीस कोटींची कामं दाखवली, तर क्षमता उरते चोवीस. वीस कोटींच्या पुलाला पुरेशी. पण शेजारच्या जिल्ह्यातलं जिल्हा परिषदेचं सहा कोटींचं काम यादीत लिहायचं ‘राहून गेलं’ असेल, तर खरी क्षमता अठराच. म्हणजे तो पात्रच नव्हता.

हे काम त्याच्या लिफाफ्यात शोधायची गरज नाही. आसपासच्या बांधकाम विभागांत, जिल्हा परिषदांत, नगरपालिकांत, जीवन प्राधिकरणाच्या कार्यालयांत स्वतंत्र अर्ज टाका: अमुक तारखेला मे. अमुक यांच्याकडे चालू असलेल्या कामांची यादी, कार्यारंभ आदेशांच्या प्रती आणि त्या तारखेपर्यंत दिलेल्या देयकांची बेरीज. दिलेल्या कंत्राटाचे हे कागद आहेत, तिथे व्यापारी गुपिताचा मुद्दा टिकत नाही. दहा अर्जांतल्या चारांची उत्तरं आली तरी तुमच्यापुरता हिशेब जुळतो. ज्या तारखेची शिल्लक निविदेत मागितली होती तीच तारीख अर्जात घाला. महिना इकडेतिकडे झाला की सगळं गणित मुसळ केरात.

हा तपास आधी स्वतःच्या यादीवरही करून बघा. ‘माहिती दडवली’ हा आरोप सर्वोच्च न्यायालय हलक्यात घेत नाही. उत्तर प्रदेश राज्य सेतू निगमाला मध्य प्रदेशातल्या एका पुलाच्या निविदेत अपात्र ठरवण्यात आलं होतं. वाराणसीत २०१८ साली उड्डाणपुलाचे गर्डर कोसळून माणसं मेली, त्यावरच्या कारवाईची माहिती निगमाने निविदेत उघड केली नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अपात्रता उचलून धरली. वस्तुस्थिती वगळणं हासुद्धा त्या निविदेच्या अटींप्रमाणे गैरप्रकारच ठरला. तेव्हा तुमच्याविरुद्ध कुठे दंड, काळ्या यादीची नोटीस, लवाद चालू असेल तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी ते मला सांगा. समोरचा वकील ते शोधणारच आहे.

आता हायकोर्ट. इथे तुम्हाला आशा फार दाखवणार नाही. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून कोर्ट निविदेच्या निर्णयाचं अपील ऐकत नाही. निर्णय कसा घेतला एवढंच तपासतं. २००६ च्या जगदीश मंडल निकालाने दोन प्रश्न ठरवून दिले: प्रक्रिया दुष्ट हेतूने किंवा मनमानीने झाली का, आणि सार्वजनिक हिताला बाधा येते का. २०१६ मध्ये ॲफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो या प्रकरणात न्यायालय म्हणालं की निविदेच्या अटीचा अर्थ ज्याने ती लिहिली त्यालाच जास्त कळतो. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात तर कामांना स्थगिती देण्याबाबत हात आखडता घ्यायला सांगितलंय. पायाभूत प्रकल्पांना मनाई हुकूम देण्यावर विशिष्ट सहाय्य कायद्यात २०१८ साली आलेली बंधनंही समोरचा वकील वाचून दाखवेल.

आणि माहिती न देण्याच्या मुद्द्यावरचं अलीकडचं मोठं भांडण आपल्याच राज्यातलं आहे. मे २०२५ मध्ये ठाणे-घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्ग या, मिळून सुमारे १४,००० कोटींच्या कामांचे आर्थिक देकार, म्हणजे दरांचे प्रस्ताव, एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) उघडले. लार्सन अँड टुब्रोला आपल्या तांत्रिक देकाराचं काय झालं हे तोवर कळवलेलंच नव्हतं. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. प्राधिकरणाने निविदेतल्या अटीवर बोट ठेवलं: मूल्यमापनाची माहिती कंत्राट बहाल होईपर्यंत निविदाकारांना द्यायची नाही, आणि ही अट मान्य करूनच कंपनीने देकार भरला आहे. २० मे रोजी याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयात कंपनीने सांगितलं की दोन्ही कामांत मिळून आपला देकार सुमारे ३,१०० कोटींनी कमी आहे. तिथल्या प्रश्नांनंतर ३० मे रोजी एमएमआरडीएने ही निविदा प्रक्रियाच रद्द करत असल्याचं सांगितलं. प्रकरण मिटलं, पण ‘बहाल होईपर्यंत गप्प’ ही अट कितपत टिकते या प्रश्नाचं अंतिम उत्तर त्यामुळे मिळालंच नाही.

माझं मत विचाराल तर खोट गोपनीयतेत नाही, पुढचं पान फाडण्यात आहे. जागतिक बँकेच्या नमुना निविदांत मूल्यमापन गुप्त ठेवायचं कलम आहेच. पण त्याच्या मागोमाग कंत्राट देण्याचा इरादा सगळ्या निविदाकारांना कळवायचा, तुमचा देकार का नाकारला ते त्यात लिहायचं आणि मग किमान दहा कामकाजी दिवस सही न करता थांबायचं, असंही आहे. पहिल्या तीन कामकाजी दिवसांत खुलासा मागितला तर तो द्यावा लागतो. युरोपात हे थांबणं युरोपीय न्यायालयाच्या १९९९ च्या अल्काटेल निकालातून आलं आणि २००७ च्या निर्देशाने दहा दिवसांचं बंधनकारक झालं. आपल्याकडच्या कितीतरी निविदांत गोपनीयतेचं कलम शब्दशः दिसतं, थांबायचं कलम गायब. त्यामुळे अपात्र ठेकेदाराला कारण कळतं त्या दिवशी जेसीबी नदीपात्रात उतरलेला असतो आणि मग कोर्ट विचारतं, इतका उशीर का केलात?

म्हणून तुमच्या निविदेतलं ते कलम नीट वाचा. त्यात ‘बहाल होईपर्यंत माहिती नाही’ असं लिहिलं नसेल तर तुमची बाजू लार्सन अँड टुब्रोपेक्षा भक्कम आहे. लिहिलं असेल तर अट मनमानी आहे असं म्हणावं लागेल, आणि भरण्याआधी हरकत का घेतली नाही हा प्रश्न येईल. निविदापूर्व बैठकीत तुम्ही किंवा दुसऱ्या कुणी त्यावर शंका विचारली होती का ते बघा. पुढच्या वेळी ही शंका लेखी विचाराच. उत्तर ‘निविदेप्रमाणे’ असं येईल, येऊ द्या.

तुमच्या बाबतीत याचिका करायचीच असेल तर कार्यारंभ आदेशाच्या आधी, म्हणजे या आठवड्यात. सांगली जिल्हा ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. आरटीआयचं उत्तर हातात नाही म्हणून थांबू नका. तीस दिवस, मग अपिलाचे तीस ते पंचेचाळीस दिवस, त्यानंतर आयोगातली रांग, या वेगाने पुलाचं उद्घाटन होऊन जाईल. याचिकेतच मूळ नस्ती न्यायालयापुढे सादर करण्याची मागणी करा. न्यायाधीशांनी नस्ती मागवली की जे कागद माहिती अधिकाऱ्याने ‘गुपित’ म्हणून ठेवले होते ते टेबलावर येतात. स्थगितीबरोबर दुय्यम मागणीही ठेवा: कारण लेखी द्यावं आणि आमचं म्हणणं ऐकून फेरनिर्णय घ्यावा. स्थगिती नाकारणारं कोर्टसुद्धा ही मागणी कधीकधी सहज मान्य करतं, कारण तिने काम थांबत नाही.

तुम्ही इथे लिहून वकील शोधत असतानाच कार्यारंभ आदेश निघाला, तर मी याचिकेचा आग्रह धरणार नाही. अपात्रतेचं कारण अगदीच बोगस निघालं तर गोष्ट वेगळी. नाहीतर तो पैसा प्रथम अपील, बाहेरून जमवलेली कामांची यादी आणि प्रतिस्पर्ध्याच्या खोट्या प्रतिज्ञापत्राची अधीक्षक अभियंत्यांकडे लेखी तक्रार यांत घाला. खोटी माहिती आढळल्यास कंत्राट रद्द करून ठेव जप्त करायची अट सहसा निविदेत असते, आणि ती वापरायची की नाही हे खात्याला तुमच्या तक्रारीवर लिहून द्यावं लागतं. तक्रारीला प्रत्येक कार्यारंभ आदेशाची साक्षांकित प्रत जोडा आणि क्षमतेचं गणित एका पानावर मांडा. विभागीय लेखापाल ते पान वाचतो.